पोलिसांनी घेतलेला जबाब कोर्टात पुरावा ठरतो का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खाली नव्या कायद्याची कलमे दिली आहेत (कायद्याचे नाव नसेल तिथे सुरक्षा संहितेची) आणि गरज तिथे जुना आकडाही दिला आहे. जुन्या खटल्यांच्या कागदांवर १६१, १६२, १६४ हेच आकडे असतात आणि कोर्टाच्या आवारात बोलतानाही अजून तेच वापरले जातात.

फाइलमधला पोलिसांनी लिहिलेला प्रत्येक कागद म्हणजे जबाबच का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. दोषारोपपत्रासोबत जाड गठ्ठा येतो. त्यात फिर्याद असते, साक्षीदारांचे जबाब आणि पुरवणी जबाब असतात, घटनास्थळाचा, जप्तीचा आणि अटकेचा पंचनामा असतो, आरोपीचा निवेदन पंचनामा (आरोपीने पंचांसमोर सांगितलेले लिहून घेतलेला कागद) असतो. कधी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब असतो, तर कधी मृत्युपूर्व जबाब. कागद सारखेच दिसतात, पण प्रत्येकाला कायद्याचा नियम वेगळा.

"समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की" अशी सुरुवात आणि "माझा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो बरोबर आहे" असा शेवट असलेला, तपासी अंमलदाराने साक्षीदाराला विचारून लिहिलेला कागद म्हणजे कलम १८० चा (जुने १६१) जबाब. बहुतेक लोक विचारतात ते याच कागदाबद्दल.

मग तो पुरावा आहे की नाही?

स्वतंत्र पुरावा नाही. साक्षीदार कोर्टात येतो, शपथेवर सांगतो आणि उलटतपासणीला तोंड देतो, तो पुरावा. पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो, तो घेताना आरोपीचा वकील समोर नसतो आणि शब्द बहुतेक वेळा लिहिणाऱ्या अंमलदाराचे असतात. म्हणून कलम १८१ (जुने १६२) सांगते की, ज्या गुन्ह्याच्या तपासात जबाब घेतला त्या गुन्ह्याच्या खटल्यात तो एकाच कामासाठी वापरता येतो. सरकार पक्षाचा साक्षीदार कोर्टात वेगळे बोलला, तर त्याची विसंगती दाखवण्यासाठी.

एवढ्यावरून तीन गोष्टी निघतात. सरकारी वकिलाला "हा पोलिसांनाही असेच म्हणाला होता, म्हणून खरा" असे म्हणता येत नाही. म्हणजे जबाब साक्षीला बळकटी द्यायला चालत नाही. साक्षीदार कोर्टात आलाच नाही तर नुसत्या जबाबावर शिक्षा होत नाही. तिसरी गोष्ट वकीलही विसरतात. हा नियम सरकार पक्षाच्या साक्षीदारापुरता आहे. ज्याचा जबाब पोलिसांनी घेतला, त्याला सरकारने तपासले नाही आणि बचाव पक्षाने आपला साक्षीदार म्हणून बोलावले, तर त्या जबाबाने त्याला खोडता येत नाही.

विसंगती दाखवतात म्हणजे नेमके काय करतात?

फौजदारी खटल्यातली ही सर्वांत कामाची आणि सर्वांत चुकणारी पायरी आहे, म्हणून एक उदाहरण घेऊ.

जबाबात साक्षीदाराचे वाक्य आहे : "आरोपीच्या हातात लाकडी दांडके होते." कोर्टात सरतपासणीत (त्याला बोलावणाऱ्या बाजूचा वकील प्रश्न विचारतो तेव्हा) तो म्हणतो, "आरोपीच्या हातात कोयता होता." उलटतपासणीत बचावाचा वकील आधी कोयत्याचे विधान पक्के करून घेतो. मग जबाबातले नेमके तेवढेच वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवतो आणि विचारतो, "पोलिसांना आपण असे सांगितले होते का?" आधी ते वाक्य दाखवलेच पाहिजे, ही साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ (जुने १४५) ची अट आहे.

साक्षीदार "हो" म्हणाला तर विसंगती तिथेच सिद्ध झाली. "नाही, मी दांडके म्हणालो नव्हतो" असे म्हणाला, तर कोर्ट त्या वाक्याभोवती खूण करते. साक्षीच्या कागदावर "भाग अ" किंवा "पोर्शन मार्क ए" अशी नोंद दिसते ती हीच. पण काम अजून अर्धेच झाले आहे. पुढे तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याला विचारावे लागते, "भाग अ मधला मजकूर साक्षीदाराने आपल्याला सांगितला होता का?" तो म्हणाला, "होय, त्याच्या सांगण्याप्रमाणे मी लिहिला," की तो भाग सिद्ध होतो आणि त्याला निशाणी क्रमांक (पुराव्यात दाखल झालेल्या कागदाचा क्रमांक) मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्ही. के. मिश्रा विरुद्ध उत्तराखंड या निकालात हा क्रम पुन्हा तपशिलाने सांगितला.

चुका कुठे होतात? अंमलदाराला प्रश्न विचारायचे राहून जाते आणि नुसती खूण कागदावर राहते. अशी खूण युक्तिवादात कामाला येत नाही. दुसरी चूक म्हणजे जबाब एका हवालदाराने लिहिलेला असतो आणि प्रश्न दुसऱ्याच अधिकाऱ्याला विचारला जातो. "तो जबाब मी घेतलेला नाही" एवढे उत्तर आले की संपले. प्रत्येक जबाबाच्या तळाशी घेणाऱ्याचे नाव आणि हुद्दा असतो, तो आधी पाहून ठेवावा. तिसरी चूक म्हणजे एका वाक्यासाठी अख्ख्या जबाबाला निशाणी लावून घेणे. त्याने बंदी असलेला मजकूर मागच्या दाराने पुराव्यात शिरतो.

जबाबात नाही आणि साक्षीत आहे, तीही विसंगती का?

असू शकते. कोर्टात याला सरसकट "ओमिशन" म्हणतात. कलम १८१ च्या स्पष्टीकरणानुसार, राहून गेलेली गोष्ट महत्त्वाची आणि प्रकरणाशी निगडित असेल तर ती विसंगतीच धरली जाते. तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश (१९५९) हा यावरचा पायाभूत निकाल. आरोपीने गोळी झाडली हे जबाबात नाही आणि कोर्टात आहे, तर ते मोठे ओमिशन. त्याच्या शर्टाचा रंग जबाबात नाही, हे बहुधा काहीच नाही.

साक्षीच्या कागदावर याची भाषा ठरलेली असते : "हे मी पोलिसांना सांगितले होते. जबाबात का नमूद नाही, याचे कारण सांगता येणार नाही." आणि पुढे अंमलदाराच्या साक्षीत : "साक्षीदाराने मला असे सांगितले नव्हते." ही दुसरी ओळ नसेल तर पहिलीचा उपयोग नाही. न्यायाधीश शेवटी तपासतात ते एकच : साक्षीदाराने गोष्ट नंतर रचली, की लिहिणाऱ्याने थोडक्यात लिहिली? पन्नास साक्षीदारांचे जबाब दोन दिवसांत घेतले असतील तर दुसरी शक्यता खरी असू शकते.

साक्षीदार फितूर झाला तर जबाबाचा काय उपयोग?

सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो (साक्ष्य अधिनियम कलम १५७) आणि जबाबातले भाग त्याच्यासमोर ठेवतो. साक्षीदार ते नाकारतो, अंमलदार ते सिद्ध करतो. तरीही त्या भागांतला मजकूर खरा आहे असे त्यावरून ठरत नाही. साक्षीदार भरवशाचा नाही, एवढेच दिसते. मात्र फितूर साक्षीदाराची साक्ष पुसली जात नाही. कोर्टात शपथेवर बोललेल्यातला जो भाग इतर पुराव्याशी जुळतो, तो न्यायाधीश घेऊ शकतात.

जामिनाच्या वेळी मात्र जबाबच वाचले जातात, ते कसे?

जामीन, दोषमुक्ती (आरोप ठेवण्याआधीच आरोपीला सोडणे) आणि आरोप निश्चिती या टप्प्यांवर अजून साक्ष झालेलीच नसते. प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, एवढेच पाहायचे असते आणि त्यासाठी तपासाचे कागद, म्हणजे जबाबही, पाहिले जातात. "जामीन नाकारताना न्यायाधीशांनी जबाब मानला, आता शिक्षा होणार" असा अर्थ घरच्यांनी काढू नये. तो निष्कर्ष त्या टप्प्यापुरताच असतो.

फिर्याद म्हणजे प्रथम खबर अहवाल. तिलाही हीच बंदी आहे का?

नाही. प्रथम खबर (कलम १७३, जुने १५४) तपास सुरू होण्याआधीची असते, म्हणून १८१ ची बंदी तिला लागत नाही. तिच्यावर फिर्यादीची सही लागते आणि तिची प्रत त्याला विनामूल्य मिळते. फिर्यादी कोर्टात आला की तिचा उपयोग त्याच्या साक्षीला बळ द्यायलाही होतो आणि त्याला खोडायलाही होतो. तरी तीही स्वतंत्र पुरावा नाही आणि दुसऱ्या साक्षीदाराला खोडायला ती वापरता येत नाही.

आरोपीच ठाण्यात येऊन "मी खून केला" अशी खबर देतो, तेव्हा ती खबर म्हणजे पोलिसांपुढचा कबुलीजबाबच ठरते. तिच्यातून काही मिळून आले असेल तेवढा भाग वगळून ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अघ्नू नागेशिया विरुद्ध बिहार या निकालापासून हे पक्के आहे.

पुरवणी जबाबाकडे कोर्ट संशयाने का पाहते?

पुरवणी जबाब घेणे बेकायदा नाही. एखादी वस्तू मिळाली, आरोपीचे नाव नंतर कळले, की तो घ्यावाच लागतो. संशय येतो तो वेळेमुळे. वैद्यकीय अहवालात धारदार शस्त्राची जखम निघाली आणि तिसऱ्या दिवशी पाच साक्षीदारांच्या पुरवणी जबाबांत "दांडके" जाऊन "कोयता" आला, तर उलटतपासणी कुठे जाणार हे उघड आहे.

पहिलाच जबाब उशिरा घेतला असेल तर तेवढ्याने साक्ष बाद होत नाही, पण उशिराचे कारण अंमलदाराला सांगता आले पाहिजे. साक्षीदार रुग्णालयात बेशुद्ध होता हे कारण झाले. तो घटनेच्या दिवशी ठाण्यातच होता आणि जबाब बारा दिवसांनी घेतला, याला उत्तर मिळणे कठीण.

एक गोष्ट संगणकाने आणली आहे. जबाब टाइप करताना आधीच्या साक्षीदाराचा परिच्छेद उचलून पुढच्याच्या जबाबात चिकटवला जातो. चार जबाबांत एकाच शब्दाची एकच शुद्धलेखनाची चूक सापडली की त्या चौघांनी स्वतंत्रपणे सांगितले यावर विश्वास ठेवणे अवघड होते. स्त्रीच्या जबाबात "मी गेलो होतो" असे राहून जाते, तेही याच कारणाने.

पोलिसांनी जबाबावर सही करायला सांगितले तर?

साक्षीदाराची सही घ्यायचीच नाही, असे कलम १८१ स्पष्ट सांगते. साक्षीदार आपल्या सहीला बांधलेला राहू नये, हा हेतू. सही घेतली म्हणून त्याची कोर्टातली साक्ष रद्द होत नाही, पण तिचे वजन घटू शकते आणि अंमलदाराला उलटतपासणीत त्रास होतो. पंचनाम्यावर पंचांची आणि फिर्यादीवर फिर्यादीची सही योग्यच असते. म्हणून कागदाचा मथळा वाचून मग ठरवावे. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नये.

उत्तर द्यायला नकार देता येतो का?

कलम १८० प्रमाणे प्रकरणाशी संबंधित प्रश्नांना खरे उत्तर देणे बंधनकारक आहे. अपवाद अशा प्रश्नांचा, ज्यांच्या उत्तराने स्वतःवरच गुन्ह्याचा ठपका येऊ शकतो. हाच हक्क घटनेच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे आणि तो पोलीस चौकशीच्या टप्प्यावरही लागू होतो, असे नंदिनी सत्पथी विरुद्ध पी. एल. दाणी (१९७८) या निकालात सांगितले आहे. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येत नाही, हे सेल्वी विरुद्ध कर्नाटक (२०१०) मध्ये ठरले.

स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही; पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी जावे (कलम १७९). त्या स्वतःहून यायला तयार असतील तर येऊ शकतात. अटकेतल्या आरोपीला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र संपूर्ण चौकशीभर नाही (कलम ३८).

आरोपीने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केला. आता सुटका नाही ना?

पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही (साक्ष्य अधिनियम कलम २३, जुने २५ आणि २६). अधिकारी कितीही वरिष्ठ असो, आरोपी अटकेत असो वा नसो. पोलीस कोठडीत असताना तो डॉक्टरपुढे, पत्रकारापुढे किंवा शेजाऱ्यापुढे कबूल झाला तरी समोर न्यायदंडाधिकारी नसतील तर तीही चालत नाही. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर कोठडीतून दिलेली "एक्सक्लुझिव्ह कबुली" यातच बसते.

कबुलीचे चित्रीकरण केले म्हणून नियम बदलत नाही. कागदावर चालत नाही ते व्हिडिओवरही चालत नाही. सहआरोपीने पोलिसांपुढे तुमचे नाव घेतले, तर तेही तुमच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही. तपासाला दिशा देण्यापुरता त्याचा उपयोग.

मग "आरोपीच्या सांगण्यावरून कोयता जप्त" हे कसे चालते?

बंदीला ठेवलेली ही एक खिडकी आहे. पूर्वी ती कलम २७ होती, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात (कलमाच्या शेवटी दिलेल्या अपवादात) आहे. पोलीस कोठडीतल्या आरोपीने माहिती दिली आणि तिच्यामुळे एखादी गोष्ट उघड झाली, तर त्या गोष्टीशी थेट निगडित असलेला माहितीचा तेवढाच भाग सिद्ध करता येतो.

निवेदन पंचनाम्यातले नेहमीचे वाक्य घ्या : "ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो कोयता मी विहिरीजवळच्या गवतात लपवून ठेवला आहे, तो मी काढून देतो." यातून "कोयता विहिरीजवळच्या गवतात लपवून ठेवला आहे, तो काढून देतो" एवढेच चालते. "ज्याने मी मारले" हे शब्द पुराव्यातून वगळायचे. प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) पुलुकुरी कोटय्या (१९४७) या निकालाने ही कात्री लावली आणि आजही ती तशीच लागते. उघड झालेली "गोष्ट" म्हणजे नुसता कोयता नव्हे, तो तिथे आहे हे आरोपीला ठाऊक होते ही बाब. त्याने तो वापरला, हे रक्तगट, डीएनए, साक्षीदार अशा वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागते.

इथे प्रकरणे कशी ढासळतात ते पाहा. आरोपीचे शब्द जसेच्या तसे न लिहिता "आरोपीने हत्यार काढून देण्याची तयारी दर्शवली" असा सारांश लिहिला जातो आणि कोर्टात पंच आणि अंमलदार दोघांनाही मूळ शब्द सांगता येत नाहीत. निवेदनाची वेळ दुपारी ३ आणि जप्तीच्या जागेचा पंचनामा दुपारी २.४० चा निघतो. जागा सर्वांना ये-जा करता येईल अशी उघडी असते. पोलिसांना ती वस्तू कुठे आहे हे आधीच माहीत असते. पंच दर वेळी तेच निघतात आणि "मी याआधी सात-आठ पंचनाम्यांवर सही केली आहे" असे उलटतपासणीत सांगतात. मुद्देमाल जागेवर सीलबंद केल्याची नोंदच नसते. यातले एकेक कारण सुटून जाऊ शकते, तीन एकत्र आली की सहसा सुटत नाहीत.

मकोकाच्या प्रकरणात कबुली चालते, असे ऐकले आहे. खरे का?

खरे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली, आयुक्तालयात म्हणजे उपायुक्ताने नोंदवलेली, आरोपीविरुद्ध आणि त्याच खटल्यातल्या सहआरोपीविरुद्धही चालते. पण अटी कडक आहेत. कबुली देण्याचे बंधन नाही हे आधी समजावायचे, मोकळ्या वातावरणात नोंदवायची, स्वेच्छेने दिल्याचे प्रमाणपत्र अधिकाऱ्याने स्वतः लिहायचे. मग मूळ कागद आणि आरोपी दोघांनाही विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे. मारहाणीची तक्रार निघाली तर वैद्यकीय तपासणी. बचावाचे वकील कबुलीचा मजकूर नंतर वाचतात. आधी पाहतात ते या तारखा आणि वेळा.

टाडा आणि पोटा या दहशतवादविरोधी कायद्यांतही अशी तरतूद होती. ते दोन्ही आता नाहीत. सध्याच्या दहशतवादविरोधी कायद्यात, यूएपीएमध्ये, ती नाही.

कस्टम्स, ईडी, अमली पदार्थ विभाग यांच्यापुढचे जबाब?

प्रश्न "हा अधिकारी पोलीस अधिकारी ठरतो का" असा असतो. कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ खालचे जबाब चालतात, कारण ते अधिकारी पोलीस धरले जात नाहीत. अमली पदार्थ कायद्याखाली कलम ६७ चे जबाब वर्षानुवर्षे कबुली म्हणून वापरले जात होते. तोफान सिंग विरुद्ध तामिळनाडू (२०२०) या निकालाने ते थांबवले. ईडीचे अधिकारी पोलीस नाहीत, असे २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात म्हटले आहे. मात्र ईडीच्याच एका प्रकरणात कोठडीत असलेल्याने दुसऱ्या प्रकरणात स्वतःला गोवणारा जबाब दिला, तर तो त्याच्याविरुद्ध चालणार नाही, असे २०२४ च्या प्रेम प्रकाश निकालात सांगितले गेले.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब वेगळा का मानतात?

कलम १८३ (जुने १६४) खाली साक्षीदाराचा जबाब शपथेवर होतो आणि त्यावर सही असते. त्याने साक्षीला बळही देता येते आणि साक्षीदाराला खोडताही येते. पण साक्षीदाराचा हा जबाबसुद्धा कोर्टातल्या साक्षीची जागा घेत नाही. कलमात नमूद गुन्ह्यांतल्या अपंग पीडितांचा अपवाद आहे. त्यांचा असा जबाब सरतपासणीऐवजी धरला जातो. दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांनी नोंदवलाच पाहिजे, अशी नवी तरतूद आली आहे. हा जबाब फिरवणाऱ्यावर खोट्या साक्षीची कारवाई होऊ शकते. पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसल्याने साक्ष त्यापासून वेगळी पडली एवढ्यानेच तशी कारवाई होत नाही.

आरोपीची कबुली याच कलमाखाली झाली तर ती खरा पुरावा असते. त्याआधी न्यायदंडाधिकारी त्याला बंधन नसल्याचे सांगतात, विचार करायला वेळ देतात (साधारण २४ तास पोलिसांपासून दूर) आणि त्याने नकार दिला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवत नाहीत.

साक्षीदार वारला तर त्याचा जबाब फुकट जातो का?

मृत्यू कशाने झाला यावर ते आहे. ज्या घटनेचा खटला आहे त्याच घटनेतल्या जखमांनी तो वारला आणि जबाबात त्या घटनेचे कारण किंवा परिस्थिती आहे, तर तो मृत्युपूर्व जबाब ठरतो. त्याला १८१ ची बंदी नाही (साक्ष्य अधिनियम कलम २६). विश्वासार्ह असेल तर केवळ त्यावर शिक्षा होऊ शकते, असे खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य (१९५८) या निकालात ठरले. न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रश्नोत्तर रूपात नोंदवलेला सर्वांत भक्कम मानतात. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा शेरा चांगला, पण तो नसला म्हणजे जबाब बाद असे नाही, हे लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र (२००२) मध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितले. रुग्ण वाचला तर हाच कागद पुन्हा साधा जबाब होतो.

साक्षीदार नंतर हृदयविकाराने वारला, तर त्याचा पोलीस जबाब त्या खटल्यात जवळजवळ निरुपयोगी. महत्त्वाच्या वृद्ध किंवा आजारी साक्षीदाराचा जबाब १८३ खाली घेऊन ठेवतात, पण त्यानेही उलटतपासणीची उणीव भरून निघत नाही.

जबाबाचे ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग असेल तर?

कलम १८० तशी मुभा देते. त्याचा उपयोग कागदी जबाबाइतकाच, म्हणजे विसंगती दाखवण्यापुरता. फक्त "मी असे बोललोच नव्हतो" म्हणणे अवघड होते. मूळ यंत्र हजर न करता प्रत दिली असेल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग : एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक ठसा). हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) निकालाने पक्के केले.

चौकशीत जबरदस्ती झाली असे म्हणणे असेल तर ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रण मागा आणि लगेच मागा. परमवीर सिंग सैनी (२०२०) निकालानुसार ते १८ महिने, आणि यंत्राची क्षमता कमी असेल तरी किमान एक वर्ष, जपायचे असते. नेमकी तारीख, वेळ आणि खोली लिहून जतनाचा अर्ज कोर्टात द्यावा. "सर्व चित्रण द्या" अशा अर्जाने फक्त तारखा पडतात.

केस डायरी मागता येते का?

केस डायरी म्हणजे अंमलदाराने रोजच्या तपासाची ठेवलेली नोंद. आरोपीला ती मागता येत नाही. कोर्ट ती मदतीसाठी पाहते, पुरावा म्हणून नव्हे (कलम १९२). अंमलदाराने साक्ष देताना स्मरणासाठी ती उघडली तर तेवढा भाग पाहता येतो. जबाबांच्या प्रती मात्र आरोपीला विनामूल्य मिळतात, हजर झाल्यापासून १४ दिवसांत (कलम २३०). गठ्ठा हातात आला की अनुक्रमणिकेशी पाने ताडून पाहा. पुरवणी जबाबच नेमके गायब असतात.

घटस्फोट, नुकसानभरपाई, खातेनिहाय चौकशी यांत हा जबाब चालतो का?

कलम १८१ ची बंदी त्या गुन्ह्याच्या चौकशी-खटल्यापुरतीच आहे, हे खत्री विरुद्ध बिहार (१९८१) मध्ये म्हटले आहे. दिवाणी दाव्यात तो दाखल करता येतो, पण तिथेही जबाब देणारा साक्षीला आला नाही तर किंमत थोडीच. मोटार अपघात न्यायाधिकरण पोलिसांचे कागद अधिक सैलपणे पाहते. अपघातात फिर्याद आणि घटनास्थळाचा पंचनामा यांच्या प्रती लवकर काढून ठेवाव्यात.

जबाब देताना काय सांभाळावे?

स्वतः पाहिलेले आणि ऐकीव वेगळे सांगा. वेळ, अंतर, उजेड आठवत नसेल तर "आठवत नाही" असेच लिहवून घ्या. अंदाजाने सांगितलेले "दहा फूट" दोन वर्षांनी तुमच्यासमोर ठेवले जाते. लिहिलेले वाचून दाखवायला सांगा. तुम्ही अहिराणी, हिंदी किंवा गोंडीत बोललात आणि जबाब मराठीत लिहिला, तर तशी नोंद करायला सांगा, नाहीतर नको त्या शब्दाची जबाबदारी तुमच्यावर येते. चूक दिसली तर त्याच वेळी दुरुस्त करून घ्या. ऐकले नाही तर वरिष्ठांना लेखी कळवा आणि पोच ठेवा.

साक्षीला जाण्याआधी आपला जबाब वाचता येतो का?

साक्षीदाराला जबाबाची प्रत मिळण्याचा हक्क नाही. सरकारी वकील साक्षीपूर्वी त्याच्याशी बोलू शकतो. पोलिसांनी ठाण्यात बोलावून साक्षीदारांना पढवणे मात्र वेगळे. मणिकंदन (२०२४) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर तीव्र नापसंती व्यक्त केली. "आज साक्षीआधी पोलिसांनी जबाब वाचून दाखवला का?" हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो. वाचून दाखवला असेल तर "हो" म्हणावे. खोटे "नाही" म्हणून सापडलेला साक्षीदार त्या एका शब्दापायी बाकीची खरी साक्षही गमावून बसतो.